किडनी देणाऱ्या आईचा सीटी कशासाठी, आणि ‘सोनोग्राफी नॉर्मल’चा अर्थ काय

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, दीड वर्षापासून बेळगावात डायलिसिसवर. आई ५६ वर्षांची, किडनी द्यायला तयार, रक्तगट जुळलेला. आईची सोनोग्राफी चांगली आली, किडन्यांचं काम मोजणारा डीटीपीए स्कॅनही झाला, आणि आता वर सीटी अँजिओ, म्हणजे डाय देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी, सांगितलाय. ‘जी किडनी भावाला मिळायची तिच्यातच डाय सोडायचा, म्हणजे ती आधीच बिघडवल्यासारखं नाही का? सोनोग्राफी चांगली आहे तर एवढं सगळं कशाला?’ शिवाय त्यांच्या नात्यातल्या एका गृहस्थांचं ट्रान्सप्लांट होऊन दोन वर्षं झाली. परवा त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वाढलं, सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी डॉक्टर बायोप्सी, म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करा म्हणतात. ‘नॉर्मल आहे तर सुई कशाला?’ ऑपरेशन पुण्याला की बेंगळुरूला हे घरात ठरलेलं नाही, तपासण्या मात्र बेळगावातच उरकाव्यात असा विचार आहे.

ताई, मी २२ वर्षं बेळगावात रेडिओलॉजीचं काम करतोय. किडनी देणारे आणि घेणारे दोघेही माझ्या टेबलावर येऊन जातात, ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही. आधी डायचं बोलतो, कारण ही भीती मनात ठेवून तुमच्या आईनं मशीनमध्ये जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

डाय म्हणजे आयोडीन असलेलं पाण्यासारखं औषध. ते किडनीत सुई घालून सोडत नाहीत. हाताच्या शिरेतून साधारण ८० ते १०० मिली देतात, ते रक्ताबरोबर सगळ्या अंगात फिरतं आणि किडनी ते गाळून लघवीतून बाहेर टाकते. निरोगी किडनी असेल तर एका दिवसात ते जवळजवळ सगळं निघून जातं. किडनीला धोका असतो तो मुख्यतः ज्यांची किडनी आधीच खूप अशक्त आहे त्यांना. म्हणजे ज्यांचा ईजीएफआर, किडनी किती गाळते तो आकडा, ३० च्या खाली गेलाय असे पेशंट. आता बघा, तुमच्या आईची किडनी तशी अशक्त असती तर सीटीपर्यंत गोष्ट आलीच नसती, क्रिएटिनिन आणि डीटीपीएच्या टप्प्यावरच डॉक्टरांनी त्यांना थांबवलं असतं. किडनी द्यायला जी व्यक्ती योग्य ठरते, तिलाच डायचा धोका सगळ्यात कमी असतो. एवढं समजलं की निम्मी काळजी उतरेल.

उरलेली काळजी ॲलर्जीची. काही जणांना डायनंतर अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, उलटीसारखं होतं. गंभीर रिॲक्शन फार क्वचित, पण होते हे खरं आहे. म्हणून आईला दमा असेल, आधी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल, तर आम्ही विचारायच्या आधीच सांगा. सीटी झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात तेही याचसाठी. ‘झालं ना, आता एसटी निघून जाईल’ म्हणून घाई करू नका.

आता तीन तपासण्या कशाला, हा खरा प्रश्न. माझं उत्तर असं की या तिन्ही तपासण्या तीन वेगळे प्रश्न विचारतात, आणि एकीचं उत्तर दुसरीकडे नसतं.

सोनोग्राफी विचारते: किडन्या दोन आहेत का, जागेवर आहेत का, आकार बरा आहे का? मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते. खडा, सूज, पाण्याची गाठ, मोठी ट्यूमरची गाठ, हे ती दाखवते. जोडीला लिव्हर, पित्ताशय, गर्भाशय यांच्यावरही नजर फिरते. एक किडनी जन्मापासूनच नसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना स्वतःला कधी पत्ता नव्हता. पण सोनोग्राफीचा आवाज आतड्यातल्या गॅसमधून नीट पलीकडे जात नाही. किडनीला रक्त नेणारी धमनी एक की दोन, हे तिच्या भरवशावर सांगायला मी धजणार नाही.

डीटीपीए स्कॅन विचारतो: दोघींपैकी कोण किती काम करते? टेक्नेशियम-९९एम नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ अगदी थोडा देतात. त्याची शक्ती दर ६ तासांनी निम्मी होते, म्हणून दुसऱ्या दिवशी अंगात त्याचं नाव फारसं उरत नाही. गॅमा कॅमेरा दोन्ही किडन्यांचं काम मोजतो आणि डावी ५२, उजवी ४८ असं काहीतरी उत्तर येतं. एवढ्या फरकाला आम्ही सारखंच धरतो. पण ५७ आणि ४३ आलं तर गोष्ट बदलते, आणि इथे ट्रान्सप्लांटमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम लागू होतो: चांगली किडनी देणाऱ्याकडेच राहते. भावाला जास्त चांगली मिळावी म्हणून आईकडे कमी ताकदीची ठेवत नाहीत. हे मी पुष्कळ घरांत समजावून सांगितलंय, कारण बहुतेक आया नेमकं उलटं मागतात. ‘डॉक्टर, चांगली त्याला द्या, माझं काय आता’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. आईनं म्हटलं तरी डॉक्टर ते मान्य करणार नाहीत, आणि करूही नये. एक किडनी गेल्यावर उरलेली थोडी मोठी होते, जास्त काम उचलते आणि काही महिन्यांत आधीच्या एकूण कामाच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत पोचते. पण त्यासाठी ती मुळात धडधाकट असावी लागते.

आणि सीटी अँजिओ. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण ऑपरेशन करणारा सर्जन आदल्या रात्री जर कुठली एक गोष्ट उघडून बसत असेल तर ती ही.

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक किडनीला एक धमनी, एक शीर दाखवलेली असते. प्रत्यक्षात दर चार माणसांत साधारण एकाला कुठल्या ना कुठल्या बाजूला एकापेक्षा जास्त धमन्या असतात. हा आजार नव्हे, जन्मजात ठेवण आहे, आणि त्या माणसाला आयुष्यभर त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते किडनी काढून दुसऱ्याला जोडताना. समजा मुख्य धमनीखेरीज किडनीच्या खालच्या टोकाला जाणारी दाभणाएवढी बारीक धमनी आहे. ती ऑपरेशनमध्ये नजरेतून सुटली आणि तुटली, तर किडनीचा छोटा तुकडा मरेल एवढ्यावर भागत नाही. मूत्रनलिकेला, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीला, रक्त बहुतेक वेळा याच खालच्या धमनीकडून मिळतं. ती गेली तर नळी सडते आणि भावाच्या पोटात लघवी गळते. वरच्या टोकाची तशीच बारीक धमनी मात्र कधीकधी सर्जन विचारपूर्वक सोडून देतात. दोन मिलिमीटरच्या रेषेवर एवढं अवलंबून असतं, म्हणून ती रेषा आम्हाला आधी दिसायला हवी.

मग शिरेची गोष्ट. शरीरातली मुख्य मोठी शीर मणक्याच्या उजव्या बाजूला असते. त्यामुळे उजव्या किडनीची शीर आखूड आणि डाव्या किडनीची लांब, कारण तिला महाधमनीच्या पुढून ओलांडून पलीकडे जायचं असतं. जोडायला लांब शीर केव्हाही सोपी, म्हणून सगळं सारखं असेल तर बहुतेक सर्जन डावी किडनी घेतात. पण थोड्या लोकांत ही डावी शीर महाधमनीच्या मागून जाते, किंवा दुभंगून पुढून-मागून दोन्हीकडून वेढा घालते. धमनीसुद्धा काही वेळा महाधमनीतून निघाल्यावर दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच फुटते. मग सर्जनच्या हाती जोडायला एक तोंड न येता दोन येतात. डावीला तीन धमन्या आणि उजवीला एकच असेल, तर आखूड शिरेची अडचण पत्करूनही उजवी घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. त्या निर्णयाचा नकाशा म्हणजे सीटी अँजिओ.

हा नकाशा पूर्वीपेक्षा आज जास्त लागतो, त्यालाही कारण आहे. जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट बोस्टनला २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये केलं. आपल्या देशात १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या किडनीचं ट्रान्सप्लांट यशस्वी झालं. तेव्हा सीटी नव्हता. दात्याच्या जांघेतल्या धमनीतून नळी वर नेऊन डाय सोडून फोटो काढायचे, त्यासाठी ॲडमिट व्हावं लागायचं, आणि ऑपरेशनही मोठा छेद घेऊन व्हायचं. १९९५ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला दात्याची किडनी पहिल्यांदा दुर्बिणीनं काढली गेली. छेद लहान झाला, आई लवकर चालू लागते. पण सर्जनची बोटं आत जाऊन धमनी चाचपू शकत नाहीत, मागच्या बाजूला काय दडलंय ते स्पर्शानं कळत नाही. हाताला कळायचं ते आता आधी डोळ्यांना कळावं लागतं.

सीटीत आम्ही एकच फोटो काढत नाही. आधी डायशिवाय एक फेरी, बारीक खडे दिसायला. मग डाय धमन्यांत असतानाची, मग किडनीच्या मांसात पोचल्यावरची, शेवटी लघवीबरोबर नळीत उतरल्यावरची. सोनोग्राफीत बरगडीखाली लपलेली बारीक गाठ सीटीत सापडते असंही होतं. निपाणीकडच्या एक काकू नवऱ्याला किडनी द्यायला आल्या होत्या. उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला अडीच सेंटिमीटरची घट्ट गाठ निघाली, सोनोग्राफीत दोनदा न दिसलेली. देणं राहिलं बाजूला, त्यांचंच ऑपरेशन करावं लागलं. नवऱ्यासाठी पुढे त्यांचा दीर उभा राहिला नाही. ते डायलिसिसवरच आहेत.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, तुमच्या प्रश्नात ती नसली तरी. दाता म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत बायकाच जास्त असतात: आई, बायको, बहीण. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं आई जवळची नातलग आहे. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. कागदाला अडचण नाही. तरी आईला एकदा घरच्यांशिवाय, एकट्यानं डॉक्टरांशी बोलू द्या. मी तपासताना नातेवाइकांना बाहेर थांबवतो आणि विचारतो, ‘मावशी, तुम्हाला स्वतःला द्यायची आहे ना?’ बहुतेक जणी हसून हो म्हणतात. क्वचित एखादी गप्प राहते. तो गप्पपणा मी टीमला कळवतो.

भावाच्या तपासण्या वेगळ्या, आणि त्यातला मुख्य प्रश्न ‘नवीन किडनी बसवायची कुठे’ हा. नवीन किडनी जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. ती ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, जांघेच्या थोडं वर बसवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला आणि शिरेला तिच्या धमनी-शिरा जोडतात, आणि नळी मूत्राशयाला. जुन्या किडन्या बहुतेकदा तशाच राहतात. म्हणून भावाच्या पायाकडच्या धमन्या मऊ आहेत का, हे आधी बघावं लागतं. त्या चुन्यासारख्या कडक झाल्या असतील तर टाका कुठे घालणार? मधुमेह असलेले, वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेले, आणि विडी-सिगारेट ओढणारे यांच्यात हे जास्त दिसतं. आपल्या निपाणी भागातल्या विड्यांचा हिशेब मला त्या धमन्यांत मोजता येतो. त्यासाठी डायशिवाय साधा सीटी पुरतो. ३४ व्या वर्षी, मधुमेह नसेल तर, नुसत्या डॉपलरवरही (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवरही) डॉक्टर समाधान मानतील. पण डायलिसिससाठी जांघेत कधी कॅथेटर घातलेला असेल तर ते नक्की सांगा, कारण तिथली शीर आतून गोठलेली असू शकते. लहानपणी वारंवार लघवीचं इन्फेक्शन होत होतं असं काही आठवत असेल तर तेही सांगा; मग मूत्राशयात डाय भरून लघवी वर उलटी चढते का ते बघतात. छातीचा एक्स-रे आणि टूडी एको तर होणारच. आणि भावाला कुणी एमआरआय सांगितला, तर डायलिसिसवर आहे हे आधी सांगायचं. त्यात वापरतात ती गॅडोलिनियमची काही जुनी औषधं अशा पेशंटच्या कातडीला आणि सांध्यांना कायमची इजा करू शकतात, हे २००६ पासून माहीत झालंय.

आता तुमच्या नात्यातल्या गृहस्थांचं. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या दोन शब्दांवर विसंबून लोक आठवडे घालवतात आणि तेवढ्यात किडनी हातची जाते.

ऑपरेशननंतर पहिल्या २४ तासांत एक डॉपलर सोनोग्राफी होते. डॉपलर म्हणजे रक्त वाहतंय का आणि कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. हा पहिला डॉपलर पुढच्या सगळ्या वर्षांसाठी मापाचा दगड असतो. सुरुवातीच्या दिवसांत भीती असते शीर किंवा धमनी गोठण्याची. शीर गोठली की धमनीतलं रक्त हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात मागे ढकललेलं दिसतं, आणि मग एक तासही वाया घालवायचा नसतो, पेशंट सरळ थिएटरमध्ये. पहिल्या दोन आठवड्यांत नळीच्या जोडातून लघवी गळू शकते. महिना-दोन महिन्यांनी किडनीभोवती लसिकेचं, म्हणजे पेशींभोवतीच्या पातळ द्रवाचं, पाणी साठू शकतं. ते पाणी लघवी आहे की लसिका हे फोटोवरून सांगता येत नाही. सुईनं थोडं काढून त्यातलं क्रिएटिनिन मोजतात. रक्तापेक्षा खूप जास्त आलं तर लघवी, रक्ताएवढंच आलं तर लसिका. आणि साधारण तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत धमनीचा जोड अरुंद होण्याची शक्यता असते. गोळ्या वाढवूनही बीपी आटोक्यात येत नाही अशा वेळी आम्ही तो शोधतो. नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी जोरात उडतं तसं अरुंद जागी रक्त उसळतं, वेग सेकंदाला २५० सेंटिमीटरच्या पुढे जातो. फुगा फुगवून, स्टेंट घालून ते सुधारता येतं.

हे सगळं नळ, पाणी आणि जागा यांचं काम झालं. सोनोग्राफीला ते उत्तम कळतं. रिजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे. भावाच्या शरीराला आईची किडनी परकी वाटते, पांढऱ्या पेशी तिच्या मांसात शिरून बारीक नळ्यांवर आणि केशवाहिन्यांवर हल्ला करतात. हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. माझ्या मशीनला ते दिसत नाही. डॉपलरमध्ये आरआय नावाचा एक आकडा असतो, रक्ताला किडनीत शिरताना किती अडथळा होतो ते सांगणारा. तो ०.७ च्या खाली असला तर बरा, ०.८ च्या वर गेला तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. पण ‘काहीतरी’ म्हणजे काय ते तो सांगत नाही. रिजेक्शनमध्ये वाढतो, औषधाच्या विषारी परिणामानं वाढतो, नळी तुंबली तर वाढतो, आणि तपासणाऱ्यानं प्रोब जोरात दाबला तरीसुद्धा वाढतो. उलट रिजेक्शन चालू असताना तो अगदी नॉर्मल आलेला मी पाहिलाय.

मग त्यांची सोनोग्राफी वाया गेली का? अजिबात नाही. नळी तुंबलेली नाही, धमनी अरुंद नाही, बाजूला पाणी साठून दाब येत नाही, हे तिनं सांगितलं. म्हणजे बिघाड मांसातच आहे. आणि मांसातले बिघाड एकमेकांशी न जुळणारे असतात. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवावी लागतात. बीके विषाणूचा संसर्ग असेल तर तीच औषधं कमी करावी लागतात. टॅक्रोलिमस, म्हणजे त्याच औषधांपैकी एक, जास्त होत असेल तर त्याचा डोस उतरवायचा. अंदाजानं एक उपचार केला आणि खरं कारण दुसरंच निघालं, तर आपणच किडनीचं नुकसान करून बसू. म्हणून सुई.

ती सुई आम्हीच, सोनोग्राफीत बघत बघत घालतो. बसवलेली किडनी कातडीच्या खाली लगेच असते, त्यामुळे मूळ किडनीच्या बायोप्सीपेक्षा हे काम सोपं. जागा बधिर करतात, १६ किंवा १८ गेजची स्प्रिंगची सुई, शेवयांच्या तुकड्यासारखे दोन बारीक धागे काढतात, मग काही तास आडवं पडून राहायचं आणि लघवीचा रंग बघायचा. थोडं रक्त येऊ शकतं. क्वचित आत धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या जातात. ते डॉपलरमध्ये दिसतं आणि बहुतेकदा आपोआप बुजतं. ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगायला सांगा. आणि त्यांना म्हणावं, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आपल्या भागातली एक अडचण वेगळी आहे. पुणे इथून साडेतीनशे किलोमीटर, बेंगळुरू पाचशे. ऑपरेशन तिकडे होतं आणि पुढची सगळी वर्षं पेशंट खानापूर, चिकोडी, अथणीला राहतो. पोट दुखलं की जवळच्या सोनोग्राफीला जातो आणि ट्रान्सप्लांटचं बोलतच नाही. तपासणारा पाठीकडच्या जुन्या किडन्या बघून ‘दोन्ही किडन्या लहान, आकसलेल्या’ असा रिपोर्ट देतो. त्यात त्याचं चुकलेलं नाही, पण घरात रडारड सुरू होते. असे रिपोर्ट घेऊन घाबरून आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. जुन्या किडन्या आकसणारच. त्यांच्यावरही अधूनमधून नजर हवी, कारण वर्षानुवर्षं डायलिसिस झालेल्या किडन्यांत गाठी होऊ शकतात. पण बघायची आहे ती ओटीपोटातली. तेव्हा झोपायच्या आधीच सांगायचं: ‘मला ट्रान्सप्लांट झालंय, किडनी इथे आहे,’ आणि पहिल्या डॉपलरचा कागद पुढे करायचा.

माझ्या हातूनही एकदा चूक झाली आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका पेशंटला मी पोट भरून पाणी पाजून तपासलं आणि बसवलेल्या किडनीला सूज आहे, नळी तुंबली असावी, असं लिहिलं. त्या रात्री गाडी करून ते पुण्याला गेले. तिथे लघवी करायला लावून पुन्हा बघितलं, तर सूज नाही. बसवलेल्या किडनीच्या नळीला मज्जातंतू उरलेले नसतात, मूत्राशय तट्ट भरलं की ती थोडी फुगते; रिकामं झालं की उतरते. त्या कुटुंबाचे पैसे आणि ती रात्र माझ्या घाईमुळे गेली. तेव्हापासून मी लघवीआधी आणि नंतर, असं दोनदा बघितल्याशिवाय त्या शब्दाला हात लावत नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत कुणी एकदाच बघून सूज म्हटलं, तर ‘लघवी करून आल्यावर परत बघाल का?’ असं विचारायला संकोच करू नका. ऑपरेशनमध्ये मूत्रनलिकेत ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे एक बारीक पोकळ नळी, काढायची तारीखही घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा; तो साधारण २ ते ६ आठवड्यांत काढतात, आणि बरं वाटायला लागलं की नेमका तोच विसरला जातो.

तपासण्या इथे आणि ऑपरेशन तिकडे, हे चालतं. अट एकच: सीटीची फिल्म आणि रिपोर्ट यांच्याबरोबर पूर्ण सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, डायकॉम फाइलचा (सीटीची मूळ चित्रं ज्यात असतात ती फाइल), एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा. फिल्मवर शे-पन्नास निवडक चित्रं असतात. सीडीत सगळे काप असतात, आणि पुण्याचा किंवा बेंगळुरूचा सर्जन ते संगणकावर फिरवून त्याला हव्या त्या कोनातून धमनी बघू शकतो. नुसती फिल्म नेली म्हणून परत सीटी, परत डाय, असं पुष्कळांच्या वाट्याला येतं. आधी ज्या हॉस्पिटलात ऑपरेशनचा विचार आहे तिथल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करून त्यांना सीटी कशा पद्धतीनं हवाय ते विचारा, आणि तो निरोप आमच्यासारख्यांना लिहून आणून द्या. आम्हाला त्याचा राग येत नाही, मदतच होते.

सीटीच्या दिवशी आईनं चार तास काही खाऊ नये. घोटभर पाणी चालतं, आणि नंतर दिवसभर पाणी भरपूर प्यायचं. मंगळसूत्र, कमरेची साखळी घरी ठेवून या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आधी विचारा. डाय जाताना घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट आल्यासारखं होतं, लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही. आईला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दचकून हलतील.

आणि श्वासाचा सराव करून घ्या. धमन्यांची ती एक फेरी काही सेकंदांची असते आणि तेवढा वेळ श्वास रोखावा लागतो. मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत बोलतो, तंत्रज्ञ बाहेरून कन्नडमध्ये ‘उसिरु हिडिदुकोळ्ळी’ म्हणतो, आणि जांबोटीकडची माझी एखादी मावशी नेमक्या त्या क्षणी ‘काय म्हणालासा?’ म्हणून मान वर करते. चित्र हलतं, आणि ती दोन मिलिमीटरची धमनी त्या धुरकटपणात हरवते. घरी आईला पाठीवर झोपवा, हात डोक्याच्या वर. तुम्ही म्हणा, ‘श्वास घ्या, थांबवा,’ मनातल्या मनात पंधरा मोजा, मग ‘सोडा’. रोज पाच-सहा वेळा, सीटीपर्यंत. आणि त्या दिवशी आत जाण्याआधी तंत्रज्ञाला सांगा की आईला मराठीत सांगा.